शर्मगाह की सतर?

उर्दू प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गाला ‘जिस्म के हिस्से’ शिकवताना शिक्षकाची छडी तक्त्यावर सर, सीना, पेट अशी खाली येते आणि तिथून एकदम घुटन्यांवर उडी मारते. मधल्या भागाला नाव नाही. मुले चलाख असतात; ही उडी त्यांच्या लक्षात येते. एखादा खुदकन हसतो, त्याला पाहून बाकीचे हसतात आणि शिक्षक घाईने पुढच्या ओळीकडे वळतात. नाव नाही म्हणणे तसे बरोबर नाही. सभ्य उर्दूत एक नाव आहे : शर्मगाह, म्हणजे शर्मेची जागा. मराठीतला ‘लज्जास्थान’ हा शब्द तर त्याचे भाषांतर वाटावा इतका सारखा. राहिले घरातले शब्द. खानदेशात आमच्या मुलांच्या भाषाही एका ठिकाणच्या नाहीत. जळगाव-धुळ्याच्या मोहल्ल्यांत दख्खनी वळणाची उर्दू, यावल-रावेर-चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या तडवी घरांत खानदेशी बोली, बाजारात मराठी. या बोलींत शरीराला साधे, रोकडे शब्द आहेत. पण शाळेच्या दारात ते शिवी ठरतात.

म्हणजे सात वर्षांच्या मुलाकडे त्या जागेसाठी एक तर शिवी असते, नाही तर शर्म. आणि तिथेच कुणी त्याला इजा केली, तर त्याने ती कोणत्या शब्दात सांगायची?

हा प्रश्न अभ्यासक्रमाचा आहे असे समजून आपण तो सरकारवर सोपवतो. नखे कापा, दात घासा, जंताची गोळी घ्या, इथपर्यंतचे आरोग्य शिक्षण कुणालाच खटकत नाही. त्यापुढचा प्रश्न मात्र इखलाकी आहे, नीतीचा आहे, आणि तो कोणत्याही परिपत्रकाने सुटत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवाडीतल्या दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले आणि त्यानंतर शाळाशाळांतून सीसीटीव्ही, तक्रार पेटी, सखी सावित्री समिती यांचे आदेश फिरले. आदेश चांगलेच आहेत. फक्त ज्या पोरीला अजून ‘अलिफ’ नीट काढता येत नाही, तिने तक्रार पेटीत काय टाकायचे, हे त्यांत सापडले नाही.

आपल्या समाजात या विषयाला विरोध आहे आणि तो विरोध फक्त अडाणीपणाचा आहे असे मी मानत नाही. २००७ साली किशोरावस्था शिक्षणाच्या कार्यक्रमावरून महाराष्ट्राच्या विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्याने तो थांबवला. मध्य प्रदेश, कर्नाटक या राज्यांनीही त्याच वर्षी तसेच केले. तेव्हा विरोध करणारे मुसलमान नव्हते किंवा फक्त मुसलमान नव्हते, हे ‘तुमच्याच समाजात असे’ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. तो कार्यक्रम मोठ्या वर्गांसाठी होता. पण बंदीच्या गलबल्यात सोळा वर्षांच्या मुलाला काय सांगावे आणि सात वर्षांच्या मुलाला काय सांगावे, हे दोन वेगळे प्रश्न एकाच टोपलीत पडले. आईबापांची भीती खरी असते. परकी व्यक्ती, सरकारी पुस्तक, मिश्र वर्ग आणि आपले लेकरू! ‘जे मी माझ्या मुलीशी बोलत नाही, ते तुम्ही कोण बोलणार?’ असे आई विचारते, तेव्हा तिला मागास म्हणून मोकळे होता येत नाही.

त्याच २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने बालकांवरील अत्याचाराचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांत १२,४४७ मुलांशी बोलून तो केला होता, महाराष्ट्र त्यात होता. निम्म्याहून जास्त मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला. मुलगे आणि मुली यांच्या प्रमाणात फारसा फरक नव्हता. आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते. एकाच वर्षी एका हाताने आकडे छापले आणि दुसऱ्या हाताने तोंड बंद केले!

पण आपण सरकारला बोलण्यापूर्वी आपले घर पाहू. शरीराविषयी न बोलणे ही आपल्या दीनची शिकवण आहे का? फिकहची किताब उघडली की पहिले प्रकरण तहारतचे असते. मकतबमध्ये आठ-नऊ वर्षांच्या मुलामुलींना वुजू कधी तुटतो, गुस्ल कधी फर्ज होतो हे सांगितले जाते आणि हाफिजजी ते सांगताना लाजत नाहीत. मौलाना अशरफ अली थानवींचे ‘बहिश्ती जेवर’ कित्येक पिढ्यांनी मुलींना लग्नात दिले. त्यात हैज आणि निफासचे मसाइल इतके उघड लिहिले आहेत की आजचे कोणतेही शालेय पुस्तक त्यापुढे बुजरे वाटेल. अन्सारच्या बायकांना दीन समजून घेताना हया आड आली नाही, म्हणून हजरत आयेशांनी त्यांची तारीफ केली होती. सूरह नूरमध्ये तर लहान मुलांचाच विषय आहे. जी मुले अजून वयात आलेली नाहीत त्यांनीही तीन वेळा, फजरपूर्वी, दुपारी कपडे उतरवून पडण्याच्या वेळी आणि इशानंतर, मोठ्यांच्या खोलीत विचारून यावे असा हुकूम आहे. शरीर खासगी असते आणि तिथे शिरण्यासाठी परवानगी लागते, हे तिथे लहान मुलाला शिकवले आहे. आजच्या शाळेतला सुरक्षित-असुरक्षित स्पर्शाचा धडा याहून निराळे काय सांगतो?

मग आपले मौन आले कुठून? माझ्या समजुतीप्रमाणे ते हयातून आलेले नाही, इज्जतीतून आले आहे. हया माणसाची स्वतःची असते. तो एकटा असतानाही ती त्याच्याजवळ असते. इज्जत दुसऱ्याच्या डोळ्यांत असते. आपण मुलांना हया शिकवतो असे म्हणत प्रत्यक्षात इज्जतीची भीती शिकवतो.

जळगावकरांना हे वेगळे सांगायला नको. १९९४ साली जे प्रकरण उघड झाले, त्यात मुलींची छायाचित्रे काढून त्यांना धमकावले जात होते. मी तेव्हा लहान होते, पण मोठी होताना त्या प्रकरणाचा पडसाद ऐकतच मोठी झाले. तक्रार द्यायला पुढे येणाऱ्या थोड्याच होत्या. जिचा त्या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही, अशा मुलीलाही स्थळ सांगून आले की ‘जळगावची का?’ असे विचारले गेले. गुन्हेगारांचे भांडवल छायाचित्रे हे नव्हते. शहराची भीती हे त्यांचे भांडवल होते आणि ते आपण सगळ्यांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनी मिळून, त्यांना बिनव्याजी दिले होते.

म्हणून मला ‘शर्मगाह’पेक्षा ‘सतर’ हा शब्द जवळचा वाटतो. तोही आपलाच, फिकहचाच आहे. सतर म्हणजे जे झाकायचे ते. झाकतो ते लाजिरवाणे म्हणून नव्हे. अमानतही आपण झाकूनच ठेवतो. अमानतीला कुणी हात घातला तर शर्म हात घालणाऱ्याची. तिसरीच्या मुलांना हे इतक्याच शब्दांत सांगता येते. ‘तुम्हारा सतर तुम्हारी अमानत है’ म्हटल्यावर वर्गात कुणी खुदकन हसत नाही, हा माझा अनुभव आहे.

खरी अडचण पुढे आहे, ती अदबची. ‘बडों का कहना मानो’ हे आमच्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेले आहे आणि मी ते पुसावे असे म्हणणार नाही. पण अनोळखी माणसापासून सावध राहा एवढेच सांगणे पुरेसे नाही, हे वरच्या आकड्यांनी दाखवले आहे. धोका बऱ्याचदा मामू, चाचा, शेजारी, शिकवणीवाले या रूपाने येतो, म्हणजे ज्यांचे ऐकायला आपण सांगितले त्यांच्याच रूपाने. मग त्याच वर्गात, त्याच मुलाला, मोठ्यांना ‘नाही’ म्हणायला कसे शिकवावे? उद्या पोर उलट बोलू लागले तर? ही पालकांची शंका मला मनापासून पटते, कारण उलट बोलणारी चाळीस पोरे मलाच सांभाळायची असतात.

याचे उत्तर मला शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात मिळाले नाही. बी.एड.ला बालमानसशास्त्र होते, पण त्यात हे नव्हते. उत्तर मिळाले सहीह बुखारीतल्या एका हदीसमध्ये. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर पेय आणले गेले. ते प्याल्यानंतर पुढे उजवीकडच्याला देण्याचा रिवाज. उजवीकडे एक मुलगा होता आणि डावीकडे बुजुर्ग बसले होते. प्रेषितांनी त्या मुलाला विचारले, आधी या मोठ्यांना दिले तर चालेल का? मुलगा म्हणाला, नाही. आणि प्रेषितांनी पेला त्याच्या हातात दिला. मुलाचे कारण निराळे होते, प्रेषितांच्या हातून मिळणारा वाटा त्याला सोडायचा नव्हता. पण इथे पाहायचे ते मोठ्याचे वागणे. सगळ्यांत मोठ्याने लहानाला विचारले, त्याचे ‘नाही’ ऐकले आणि त्याला बेअदब म्हटले नाही. ईदला घरी आलेल्या पाहुण्याच्या मांडीवर रडत्या पोराला ढकलून ‘चाचा को पप्पी दो’ म्हणणारे आपण कोणता अदब शिकवतो? खालिकची नाफरमानी करून मखलूकचे ऐकायचे नाही, हे आपण बयानात नेहमी ऐकतो. ते लहान मुलालाही लागू आहे, एवढेच पुढे न्यायचे.

इथे एक भीती मला दुसऱ्या बाजूचीही वाटते. प्रत्येक हात संशयाचा झाला तर रडणाऱ्या मुलाला जवळ कोण घेणार? अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिकवत होते, वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या आवरणे, आजारी मुलाच्या उशाशी बसणे हे ते आईच्या मायेने करत. आज असा गुरुजी असता तर आपण त्याच्यावर कॅमेरा लावला असता. कॅमेरा लावू नये असे मी म्हणत नाही. पण ज्याच्याकडे जाऊन सांगावे असा एक तरी मोठा माणूस मुलाच्या आयुष्यात नसेल, तर ‘नाही’ म्हणून ते जाणार कुठे?

धुळे जिल्ह्यातल्या एका शाळेत असताना, सतरचा हा धडा झाल्यानंतर आठवड्याभराने एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ थांबली आणि तिने नात्यातल्या एकाचे नाव घेतले. पोक्सो कायदा २०१२चा आहे. त्याच्या १९व्या कलमाप्रमाणे अशी गोष्ट ज्याला कळली त्याने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. आईला बोलावले. ती बाकावर बसली आणि म्हणाली, ‘मॅडम, बात यहीं दबा दो.’ महिला अधिकारी साध्या कपड्यांत घरी येऊन जबाब घेते, मुलीचे नाव कुठेही छापता येत नाही, हे सगळे मी तिला समजावले. तिने ऐकून घेतले. खबर दिली गेली, गुन्हा नोंदला गेला. वर्ष संपण्याआधी मुलीला दुसऱ्या गावी नानीकडे पाठवले. दाखला न्यायला आई आली तेव्हा रागावलेली नव्हती. ‘कानून तो ठीक है मॅडम, लेकिन मोहल्ले की नजर कौन रोकेगा?’ एवढेच विचारले.

खबर देणे बरोबरच होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. गप्प बसले असते तर तो माणूस पुढच्या ईदलाही त्या घरी आला असता. पण आईचा प्रश्न मला किंवा कायद्याला विचारलेला नव्हताच. तो मोहल्ल्याला विचारला होता, आणि मोहल्ला म्हणजे जुम्याला सफेत उभे राहणारे, लग्नाची बोलणी करणारे, हे वार्षिक वाचणारे आपणच. कायदा नजरेला हात लावू शकत नाही. जुम्याच्या बयानात वर्षातून एकदा तरी इमामसाहेबांनी सतर आणि अमानतीवर, मुलांच्या बाजूने, बोलावे असे मी काहींना सुचवले आहे. एकांनी हो म्हटले, बाकीचे विचार करतो म्हणाले.

पालक सभेला येतात त्या बहुतेक आयाच. मागच्या वर्षी पहिल्यांदा चार बाप आले. त्यांतला एक, केळीच्या ट्रकवर हमाली करणारा, सभा संपल्यावर मागे थांबला. ‘ये लडकों को भी बताते क्या मॅडम?’ त्याने विचारले. हो, मी म्हटले, मुलांनाही तेच सांगतो. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग ‘बताना,’ म्हणाला आणि चपला घालून निघाला.