व्हॉल्व्ह उघडणारा हात

रविवारी मिस्सा संपली की चर्चच्या आवारात आपण एकमेकांना विचारतो, "काय मग, सध्या काय उद्योग?" कुणी जीन्सच्या कारखान्यात शिलाई करतो, कुणी अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळी करतो, कुणी बदलापूरहून रोज लोकलने मुंबई गाठतो. तेवढ्या उत्तरावर आपले समाधान होते. पण माणूस नेमके काय करीत असतो, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

एलिझाबेथ अ‍ॅन्सकम (१९१९-२००१) या इंग्लंडमधील तत्त्वज्ञ. तरुणपणीच त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली, सात मुलांचा संसार केला आणि ऑक्सफर्ड व केंब्रिजला तत्त्वज्ञान शिकवले. १९५७ साली 'इन्टेन्शन', म्हणजे 'हेतू', या छोट्याशा पुस्तकात त्यांनी एक उदाहरण दिले. एक माणूस पंपाचा दांडा मारतो आहे. तो काय करतो? हात वर-खाली करतो. पंप चालवतो. एका घराची टाकी भरतो. पण त्या पाण्यात कुणीतरी विष कालवले आहे आणि हे त्याला ठाऊक आहे. म्हणजे तो घरातल्या माणसांना विषही पाजतो. वर्णने चार, कृती एकच.

यांपैकी त्याचा हेतू कोणता? 'का करतोस?' असे विचारल्यावर तो जे सांगेल, त्यावरून ते कळते, असे बाई म्हणतात. समजा तो म्हणाला, "त्या लोकांशी मला काही देणेघेणे नाही. मला पगार मिळतो, मी माझे काम करतो." तर विष पाजणे हा त्याचा हेतू होता, असे त्यांच्या कसोटीने म्हणता येत नाही. हे वाचून मी प्रथम चक्रावलो. मग लक्षात आले, हेतू नव्हता म्हणजे दोष नव्हता, असे मुळीच नाही. त्याला माहीत होते!

हे उदाहरण कुणाला पुस्तकी वाटेल, उल्हासनगरकरांना वाटू नये. आपली वालधुनी अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावते, १०६० सालच्या शिवमंदिराजवळून वाहते आणि आपल्या शहरातून कल्याणकडे जाते. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस तिच्या पात्रात बेकायदा रसायन सोडले गेले. विषारी वायू पसरला आणि शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. अशा वेळी टँकरचा व्हॉल्व्ह उघडणाऱ्याला "काय करतोस?" असे विचारले, तर तो काय सांगेल? "टँकर रिकामा करतो, साहेब." ते खोटेही नसेल.

पण दांडा फक्त टँकरवरच असतो का? १९५६ साली ऑक्सफर्डने अमेरिकेचे माजी अध्यक्ष ट्रुमन यांना सन्माननीय पदवी द्यायचे ठरवले, तेव्हा अ‍ॅन्सकमबाईंनी उघड विरोध केला. हिरोशिमा आणि नागासाकीवर बॉम्ब टाकण्याचा निर्णय ट्रुमन यांचा होता. बॉम्ब त्यांनी हाताने टाकला नव्हता, एवढ्याने बाईंचे समाधान होणारे नव्हते.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात सांगितले होते की विचारात गढलेला माणूस नकळत दाढी कुरवाळतो, ती खरी मानवी कृती नव्हे. जाणून आणि स्वेच्छेने केलेली तीच मानवी कृती. पोप जॉन पॉल दुसरे यांनी तरुणपणी दगडाच्या खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात मजुरी केली होती. कामाची प्रतिष्ठा कामाच्या प्रकारावरून ठरत नाही, ते करणाऱ्या माणसामुळे येते, असे त्यांनी १९८१ च्या आपल्या श्रमविषयक पत्रात लिहिले. हे वाक्य आपल्याला आवडते. पण काम माझे म्हणून त्याला प्रतिष्ठा असेल, तर 'मी फक्त माझे काम केले' हे म्हणायला जागा उरत नाही.

मी एका कारखान्याच्या हिशेब खात्यात होतो. टाकाऊ रसायन नेणाऱ्या टँकरची बिले माझ्याकडे येत. एका वर्षी ठेकेदार बदलला आणि दर जवळजवळ निम्म्यावर आला. इतक्या स्वस्तात हा माल नेतो कुठे, हा प्रश्न मनात आला होता. नाही असे नाही. मी बेरीज तपासली, सही केली. साहेबांनी काटकसरीबद्दल पाठ थोपटली. तेव्हा मला कुणी विचारले असते, तर "बिल पास करतो आहे" असेच मी सांगितले असते.

ते टँकर कुठे रिकामे झाले, ते मला आजही ठाऊक नाही. चर्चला येताना रिक्षा वालधुनीच्या पुलावर आली की शेजारचे नाकाला रुमाल लावतात. मीही लावतो.