रकमेने फिटणारे आणि न फिटणारे हक्क

मुलगा परदेशी कमावतो, दरमहा न चुकता पैसे पाठवतो, आई-वडिलांच्या औषधपाण्यात काही कमी पडू देत नाही. त्याने त्यांचे हक्क अदा केले, असे म्हणता येईल काय? वाचकहो, आपण बहुधा ‘होय’ म्हणून मोकळे होतो. या उत्तराचा आज थोडा विचार करू या.

स्थलांतर आपल्याला नवे नाही. नागपूरच्या मोमिनपुऱ्यातील व कामठीतील अनेक विणकर घराण्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातून आले. १८५७ नंतरची दडपशाही आणि गिरणीच्या कापडाने बुडवलेला धंदा यांनी त्यांना गाव सोडायला लावले. परंतु हातमाग हा एकट्याचा व्यवसाय नव्हे; कोणी सूत उकलावे, कोणी कांड्या भराव्यात, कोणी विणावे. म्हणून विणकर जेथे स्थिरावला तेथे त्याचे घरही आले.

आज तसे घडत नाही. नागपूरहून शारजा व दोहाला थेट विमाने सुटू लागली, अंतर काही तासांवर आले. मात्र बहुतेक आखाती देशांत कुटुंब सोबत नेण्यासाठी ठरावीक किमान पगार लागतो. म्हणून गवंडी, वाहनचालक, वीजतंत्री एकटाच जातो. २०२० साली जगात सुमारे २८ कोटी लोक आपल्या मूळ देशाबाहेर राहत होते. २०२२ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी १०० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम पाठवली. या रकमेवर कित्येक चुली पेटतात, हे नाकारणे कृतघ्नपणा ठरेल.

इस्लामने अशा कष्टाचा सन्मानच केला आहे. सूरह मुज्जम्मिलच्या अखेरच्या आयतीत अल्लाहची कृपा शोधत भूमीवर प्रवास करणाऱ्यांचा उल्लेख अल्लाहच्या मार्गात लढणाऱ्यांच्या सोबतीने आला आहे. तेव्हा परदेशी जाणे हा दोष नव्हे. दोष आहे तो पैशाला हजेरीचा पर्याय समजण्यात.

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात एक प्रसंग आहे. एक मनुष्य हिजरतची प्रतिज्ञा घेण्यास पैगंबर मुहम्मद (स.) यांच्याकडे आला. आई-वडिलांना रडत सोडून आल्याचे त्याने सांगितले. पैगंबरांनी (स.) त्याला परत जाण्याची आणि जसे रडवले तसे त्यांना हसवण्याची आज्ञा दिली. हिजरतसारखे महान कार्य समोर असताना ही आज्ञा झाली. मग पगारवाढीची गोष्ट ती काय! सूरह बनी इस्राईलमध्ये आई-वडिलांच्या वार्धक्याचा उल्लेख करताना ते ‘तुझ्याजवळ’ असल्याचे म्हटले आहे. ‘उफ’सुद्धा न काढण्याची कसोटी जवळ राहणाऱ्याचीच लागते.

पत्नीचाही हक्क आहे. पतीच्या विरहाने व्याकूळ स्त्रीचे बोल ऐकून आदरणीय उमर (रजि.) यांनी आपली कन्या आदरणीय हफ्सा (रजि.) यांच्याशी सल्लामसलत केली आणि सैनिकांना घरापासून दूर ठेवण्याची मुदत ठरवली, काही कथनांत ती चार महिने आहे, काहींत सहा. आपल्याकडे दोन-दोन वर्षे सहज लोटतात. शिवाय सासू-सासऱ्यांची सेवा तिच्यावर सोपवून मुलगा निश्चिंत होतो. ती सेवा करते तो तिचा उपकार आहे. मूळ कर्तव्य मुलाचेच, हे विसरता कामा नये.

आणि जो भाऊ घरी राहिला? परदेशातील भावाच्या रकमेचा गौरव होतो. रात्री-अपरात्री वडिलांना दवाखान्यात नेणारा मात्र ‘मागे राहिलेला’ ठरतो. मोमिनपुऱ्यात ‘अन्सारी’ आडनाव घरोघरी आढळते. मदीनेच्या अन्सारांनी घर सोडून आलेल्यांना सांभाळले; आज घर सोडून गेलेल्यांच्या माणसांना सांभाळणे हे त्या नावाला साजेसे काम आहे. शेजाऱ्यांनी व मशिदीच्या जमातनेही त्यात वाटा उचलावा.

तेव्हा प्रिय वाचकहो, घरातून कोणी निघणार असेल तर तिकिटाआधी मशवरा करा. आई-वडिलांची आणि पत्नीची संमती मनापासून आहे काय, परतण्याची मुदत कोणती, मागे जबाबदारी कोणाची, हे स्पष्ट ठरवा. जे आधीच गेले आहेत त्यांनी पुढच्या रजेचा हिशेब बचतीआधी मांडावा. घराचा वरचा मजला दोन वर्षे उशिरा बांधता येतो. आई-वडिलांचे वार्धक्य मात्र थांबत नाही.

अल्लाह आपणा सर्वांना हलाल उपजीविका आणि आपल्या माणसांचे हक्क अदा करण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.