हेब्रोनास आणलेलें मस्तक

दुसऱ्या शमुवेलाच्या चवथ्या अध्यायांत शौलाचा पुत्र ईश-बोशेथ याच्या वधाची हकीकत आहे. भर दुपारीं तो निजला असतां त्याचेच दोन नायक, रेखाब व बाना, गहूं नेण्याच्या मिषानें घरांत शिरले. त्यांनीं त्यास ठार केलें आणि रात्रभर चालून त्याचें मस्तक हेब्रोनास दाविदापुढें ठेवलें. परमेश्वरानेंच आज राजाचा सूड घेतला, असें ते म्हणाले. प्रिय वाचकहो, आम्हांस त्यांच्या तरवारीपेक्षां हें बोलणें अधिक भयंकर वाटतें. आपण खून केला असें त्यांस वाटलेंच नाहीं. उलट बक्षिसाची आशा होती.

असेंच मन आपल्या देशानेंही पाहिलें आहे. ता. ३० जानेवारी १९४८ रोजीं सायंकाळीं दिल्लीस बिर्ला भवनांत गांधीजी प्रार्थनेस चालले असतां पुण्याच्या एका वर्तमानपत्राचा संपादक नथुराम गोडसे यानें आधीं त्यांस नमस्कार केला, मग तीन गोळ्या झाडल्या. आपलें त्यांच्याशीं व्यक्तिगत वैर नव्हतें, आपण कर्तव्य केलें, असें त्यानें न्यायालयांत सांगितलें. फाळणीच्या रक्तपातानें तो पेटला होता. गांधीजींचें उपोषण व पाकिस्तानास दिलेले ५५ कोटि रुपये यांचा त्यास संताप होता. संताप त्या वेळीं पुष्कळांस होता. परंतु एवढ्या मोठ्या अनर्थाचें मूळ एका वृद्धाच्या देहांत आहे, आणि निवाडा करण्याचा अधिकार माझा आहे, असें ज्यानें मनाशीं ठरविलें त्याच्याच हातीं पिस्तूल आलें.

पुढें काय झालें तेंही सांगितलें पाहिजे. सांगली, सातारा, कोल्हापूर या भागांत जमावांनीं निरपराध ब्राह्मणांचीं घरें जाळलीं. एकाचा अपराध सबंध जातीच्या माथीं मारला; तर्क गोडशाचाच, फक्त हात निराळे.

आणि आम्ही? शेजाऱ्याचा बैल मेला कीं देवानेंच त्यास शिक्षा केली, असें आपल्याही मंडळींत ऐकूं येतें. विहिरीवरच्या जुन्या तंट्यास धर्माचें नांव देणारे उपदेशकही आम्हीं पाहिले आहेत.

दाविदानें त्या दोघांस मारविलें. गोडसे व नारायण आपटे यांस १५ नोव्हेंबर १९४९ रोजीं अंबाल्यास फांशी झाली. गांधीजींचे पुत्र मणिलाल व रामदास यांनीं गोडशाच्या प्राणासाठीं विनंती केली होती. ती मान्य झाली नाहीं.