शेवटचा हात

गाडी दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेली आहे आणि तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं ऑइल बदलायचं की नाही हे मला ठरवता येत नाही, असं मी घरी सांगतो, मित्रांत सांगतो. ते पूर्ण खरं नाही. ठरवायला लागते तेवढी माहिती माझ्याकडे कधीची जमली आहे. मी ठरवत नाही, कारण ठरवलं की तो निर्णय माझा होईल.

गाडी बदलापुरातच घेतलेली, सेकंडहँड. टॉर्क कन्व्हर्टरची, चार गिअरची. आधीच्या मालकाने हे ऑइल कधी बदललं होतं का, याचा एकही कागद तिच्याबरोबर आला नाही. सकाळी थंड असताना दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना हलका झटका बसतो. अंबरनाथच्या फॉरेस्ट नाक्याची गर्दी ओलांडून उल्हासनगरच्या श्रीराम चौकापर्यंत रांगत पोचलो की झटका जातो, पण मग गिअर पडायला किंचित वेळ लागतो. इंजिनाचा आवाज आधी चढतो, गाडी मागून येते. बायको चालवते तेव्हा तिला हे लगेच जाणवतं. "आधी असं नव्हतं," ती म्हणते. मी म्हणतो, गाडी जुनी झाली. हे उत्तर देताना मला बरं वाटतं. जुनेपणाबद्दल कुणाला जाब विचारता येत नाही.

उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या ज्या मेकॅनिककडे मी जातो त्याचं मत सरळ आहे. "साहब, चल रही है ना? तो छेडो मत." एवढे किलोमीटर जुन्या ऑइलवर झाले असतील तर आता नवं टाकू नये, टाकलं की गिअरबॉक्स बसतो. अंबरनाथला विचारलं, बदलापूर पश्चिमेला विचारलं; सल्ला तोच. कारणही सांगतात. क्लचच्या प्लेटी झिजून त्यांची पूड ऑइलमध्ये मिसळलेली असते आणि त्या पुडीमुळेच झिजलेल्या प्लेटी अजून पकड धरून असतात. नवं ऑइल स्वच्छ, निसरडं. शिवाय त्यातली डिटर्जंट जुना थर सोडवतात आणि सुटलेला गाळ वॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत अडकतो.

मला हे कारण फार आवडलं. इतकं की ते तपासायला मी बराच काळ गेलोच नाही. जो सल्ला पैसे वाचवतो आणि काहीच करायला लावत नाही, त्याला आपण प्रश्न किती कमी विचारतो!

शेवटी तपासलं. त्या बोलण्यात तथ्य आहे, पण ते ज्या गाडीला लागू पडतं तिचा गिअरबॉक्स आधीच जायच्या वाटेवर असतो. प्लेटींचं अस्तर संपत आलेलं, ऑइल काळं, जळका वास, गिअर उघड उघड घसरतोय, अशा गिअरबॉक्सला ऑइल बदलून काही परत मिळत नाही. जिथे अजून फक्त झटका आणि थोडा उशीर आहे, तिथे ऑइलच थकलेलं असणं, त्यातले घर्षण सांभाळणारे घटक संपलेले असणं हेही तितकंच शक्य आहे. शिवाय मशीन लावून सगळं जुनं ऑइल एकदम धुऊन काढणं वेगळं आणि खालचा नट उघडून पडेल तेवढंच बदलणं वेगळं. नट उघडला तरी टॉर्क कन्व्हर्टरमधलं ऑइल आतच राहतं. एका वेळी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं एवढंच बाहेर येतं. ४० टक्के धरलं तर पहिल्यांदा ६० टक्के जुनं उरतं, दुसऱ्यांदा ३६, तिसऱ्यांदा २२ च्या आसपास. मधे गाडी चालवत, सावकाश. म्हणजे सगळं नवं किंवा सगळं जुनं, असा पेच मुळात नव्हताच. तो मी धरून ठेवला होता, कारण त्या पेचात गप्प बसणं शहाणपणाचं दिसत होतं.

मग इतके अनुभवी हात "छेडो मत" का म्हणतात? त्यांना गिअरबॉक्स कळत नाही असं मला म्हणवत नाही. माझ्याहून कितीतरी जास्त कळतो. पण लोक हे ऑइल बदलायला येतात कधी? बहुतेकदा गिअर घसरायला लागल्यावर. मेकॅनिकने ऑइल बदललं आणि पंधरा दिवसांत गिअरबॉक्स गेला, की नाव त्याचं. ज्या डॉक्टरने शेवटचं इंजेक्शन दिलं त्याच्याच नावावर मरण लागावं, तसं. आधीच्या सगळ्या किलोमीटरांचा हिशेब शेवटच्या हाताच्या नावे मांडला जातो. असं दोन-तीनदा झालं की कुठलाही शहाणा कारागीर काय शिकेल? हात न लावायला शिकेल.

आणि त्याला हे शिकवणारं गिऱ्हाईक कोण? मीच की. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजात मी एसीचा गॅस भरून घेतला. आठवड्याच्या आत रेडिएटर गळायला लागला. दोन्हींचा काही संबंध नव्हता. रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी वयाने तडकली होती, ती तड मला तिथे उभ्या उभ्या दिसत होती. तरी मी गॅस भरणाऱ्या पोराला चार लोकांसमोर विचारलं, "तू हात लावायच्या आधी ठीक होतं ना?" तो वाद घालत बसला नाही. त्याने मजुरीचे पाचशे रुपये सोडले आणि मी ते सोडू दिले. घरी येताना वाटलं, आपण व्यवहार बरोबर केला. त्या पोराने पुढच्या गिऱ्हाइकाला काय सल्ला दिला असेल? ज्याला मी मेकॅनिकांचं अज्ञान समजत होतो, ते माझ्यासारख्यांनी असे पाचशे-पाचशे रुपये कापून त्यांना शिकवलेलं आहे.

माझ्या मनातला हिशेबही असाच होता. बदललं आणि गिअरबॉक्स गेला, तर मी केलं म्हणून गेला. न बदलता गेला, तर वयाने गेला. खर्च दोन्हीकडे सारखाच, पण दुसऱ्यात मला कुणी काही विचारणार नाही. मग इतके महिने मी काय जपत होतो, गाडी की स्वतःला? आणि हे गाडीपुरतंच आहे का? वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी मी भावाला किती दिवस "तू म्हणशील तसं" म्हणत राहिलो. तेव्हा मला तो मोठ्या भावाचा मान वाटला होता.

गाडीच्या पुस्तकातही मी मला हवं तेवढंच वाचलं होतं. साध्या वापराच्या तक्त्यात या ऑइलसमोर बदलण्याचं काही लिहिलेलं नाही. पान उलटलं की कठीण वापराचा वेगळा तक्ता आहे: थांबत-थांबत चालणारी वाहतूक, उष्ण हवा, धूळ, डोंगर. तिथे मुदत दिलेली आहे. ती ओळ मी वाचली होती आणि आपला रस्ता साधा आहे असं ठरवून मोकळा झालो होतो. मे महिन्यातल्या दुपारी काटई-बदलापूर रस्त्यावर अडकलेली गाडी साध्या वापरात असते? रांगत्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टरमधलं ऑइल नुसतं घुसळलं जातं, तापतं, आणि तापण्यानेच ते संपतं. मीटरवर किलोमीटर पडतात, तास पडत नाहीत. झेडएफ ही जर्मन कंपनी आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं अशी मुदत सांगते. तिचेच गिअरबॉक्स बसवणारे काही मोटार उत्पादक मात्र आयुष्यभराचं ऑइल म्हणत आले. आयुष्य कुणाचं धरलं, हे मीही कधी विचारलं नाही. मला ते सोयीचं होतं.

याच्याही खाली एक गोष्ट आहे, ती लिहायला जड जाते. मधल्या काळात मी गाडी विकायचा विचार केला, आणि तो नेमका झटका वाढल्यावर केला. ही गाडी घेताना मी पहिला प्रश्न विचारला होता: पाण्यात उभी होती का? २६-२७ जुलै २०१९ ला उल्हास नदी फुगली, बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारभर प्रवाशांसह अडकली, तेव्हा नदीकाठच्या सोसायट्यांत खाली उभ्या असलेल्या गाड्यांचं काय झालं ते आम्ही पाहिलं आहे. गिअरबॉक्सला श्वासासाठी एक बारीक वाट असते. तापलेला गिअरबॉक्स पाण्यात गेला की तिथून पाणी आत ओढलं जातं, लाल ऑइल दुधाळ गुलाबी होतं आणि प्लेटींवर चिकटवलेलं अस्तर सुटायला लागतं. बाहेरून मात्र गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते. म्हणून आम्ही विचारतो, आणि विकणाऱ्याने खरं सांगावं अशी अपेक्षा धरतो. मला त्याने खरं सांगितलं होतं. मी विकताना मनात काय धरलं होतं? घेणारा पुराबद्दल विचारेल, ऑइलबद्दल विचारणार नाही. आणि जे विचारलं नाही ते न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. तो यायच्या आधी एक फेरी मारून गाडी तापवून ठेवायची, म्हणजे झटका बसणार नाही, इथपर्यंत माझी तयारी झाली होती. घेणारा कोण असता? बहुधा वांगणी-नेरळकडचा कुणी, कर्ज काढून पहिली गाडी घेणारा.

आणि काढलेलं ऑइल कुठे जातं? इतक्या वर्षांच्या सर्व्हिसिंगमध्ये मी हे एकदाही विचारलं नाही. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. वालधुनी नदी अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराजवळून वाहत उल्हासनगरात येते. तिच्या पाण्याबद्दल मी मोठ्या आवाजात बोलतो: कारखान्यांबद्दल, रात्री टँकर रिकामे करणाऱ्यांबद्दल, जीन्स धुणाऱ्यांबद्दल. वनशक्ती संस्थेने उल्हास आणि वालधुनीचं प्रकरण हरित लवादात नेलं, त्या बातम्या मी समाधानाने वाचल्या. माझ्या गाडीखालचा डबा कुठे रिकामा होतो, हे तेव्हा मनातही आलं नाही. विचारलं असतं तर उत्तर कदाचित चांगलंही मिळालं असतं. वाईट मिळालं असतं तर मला काहीतरी करावं लागलं असतं.

गेल्या आठवड्यात कॅम्प चारला गेलो. मेकॅनिकला म्हटलं, एकदा नट उघडू, पडेल तेवढंच काढू, चेंबर खाली घेऊन आतल्या चुंबकावर काय आहे ते बघू. करड्या रंगाची मऊ पेस्ट असली तर झीज नेहमीची. धातूचे तुकडे निघाले तर ऑइलचा प्रश्नच उरत नाही. पुस्तकात लिहिलेल्या प्रतीचंच ऑइल मी आणून देतो, नुसतं लाल दिसणारं नको. आणि पुढे काहीही झालं तरी तुझ्याकडे बोट दाखवणार नाही. हे शेवटचं वाक्य तोंडातून निघायला वेळ लागला. त्याने विचारलं, "लिखके दोगे?" आधी राग आला. मग वाटलं, त्याने का विश्वास ठेवावा? मी बिलाच्या मागे दोन ओळी लिहून खाली सही केली. काढलेलं ऑइल कुणाला देतोस, हेही विचारलं. एक पिंपवाला येतो, पैसे देऊन घेऊन जातो, म्हणाला. तो पुढे कुठे नेतो हे त्याला सांगता आलं नाही. त्यावरून त्याला काही बोलायचा अधिकार मला नव्हता. पिंपवाला येईल तेव्हा मला फोन कर, एवढं म्हटलं.

काम अजून व्हायचं आहे. ऑइल मागवलं आहे. विकायचा विचारही मी सोडलेला नाही. विकताना गाडीच्या कागदांत एक कागद ठेवायचा: झटका कधीपासून आहे, ऑइल कधी काढलं, किती काढलं, चुंबकावर काय होतं. किंमत उतरेल, उतरू दे, असं आज म्हणतो आहे. पण समोरच्याने काहीच विचारलं नाही, गाडी त्याला आवडलेली दिसली, तो पैसे मोजायला बसला, तर तो कागद मी आपणहून पुढे करेन का? त्या पोराने पाचशे रुपये सोडले तेव्हाही मला नको म्हणता आलं असतं.