द्विजाचा तिसरा जन्म

खालची दाढ काढून तीन आठवडे झाले होते. भाकरीचा घास चघळताना जिभेला हिरडीत काहीतरी टोचलं. आरशात पाहिलं तर पांढरं टोक! जिभेला हाड नसतं म्हणतात. पण हाड कुठे वर आलंय, हे आधी तिलाच कळतं. दिवसभर ती तिथेच घुटमळली आणि कणीएवढ्या वस्तूचा तिने हरभरा केला. साठी उलटल्यावर आपल्याला दाढ फुटतेय, या कल्पनेने मी लाज वाटावी इतका सुखावलो.

संस्कृतात दाताला द्विज म्हणतात. पक्ष्यासारखा दोनदा जन्मणारा. पण हिशोब मांडला तर गंमत आहे. दुधाचे दात २०, पक्के ३२. जादाच्या बारा मोठ्या दाढांच्या आधी दुधाचं काहीच नसतं. म्हणजे माझी दाढ मुळात द्विजही नव्हती. तिसऱ्या जन्माची भाषा मी कुठल्या तोंडाने करत होतो?

डॉक्टरांनी चिमट्याने ते टोक अलगद उचललं. दाढ निघाली की खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, पुढे तिथे नवं हाड भरतं. काठाची एखादी कपची मात्र रक्तपुरवठा तुटून मरते आणि शरीर तिला काट्यासारखी हळूहळू वर ढकलतं. कधी ते मुळाचं मोडकं टोक असतं. क्वचित खरंच दात निघतो, कवळी बसवल्यावरही. पण तो जबड्यात आधीपासून अडकून पडलेला असतो. उशिरा आलेला, पुन्हा आलेला नव्हे.

१५९३ साली मध्य युरोपातल्या सिलेशियात एका सात वर्षांच्या मुलाला सोन्याची दाढ आल्याची वार्ता उठली. याकोब होर्स्ट या प्राध्यापकाने १५९५ मध्ये त्यावर ग्रंथच लिहिला. मग इतर विद्वानही वादात उतरले. शेवटी सोनाराने पाहिलं, तर दाढेवर सफाईने चढवलेला सोन्याचा पत्रा! आधी ग्रंथ, मग सोनार, अशी फ्रेंच लेखक फोंतनेलने पुढे याची थट्टा केली. मला त्या विद्वानांना हसवेना. मीही आरशासमोर कारणंच शोधत होतो. बोट लावून पाहायचं सुचलं नव्हतं.

कपची कागदात बांधून घरी आणली. लहानपणी पडलेला दात आजी कौलांवर टाकायला लावायची. आता वर स्लॅब आहे. पुडी टेबलाच्या खणात पडून आहे, आणि जीभ अजून त्या जागी जाऊन येते.