काळजी करणे आणि काळजी घेणे



मराठीत ‘काळजी’ हा शब्द एकच, पण त्याला जोडायची क्रियापदे दोन. आपण काळजी करतो आणि काळजी घेतो. काळजी करणारा रात्रभर कूस बदलत राहतो. काळजी घेणारा उठून दिवा लावतो व दाराची कडी नीट लागली आहे की नाही ते पाहतो. बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहणाऱ्या मुलामुलींच्या घरी यांपैकी कोणती काळजी नांदते, याचा विचार आपण करू या.

सिल्व्हासाजवळचे नरोली घ्या. १९५४ च्या जुलैत हे गाव पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले. आज तेथे कारखाने आहेत, आणि २०१९ पासून सिल्व्हासात वैद्यकीय महाविद्यालयही आहे. डॉक्टर होण्याचे स्वप्न आता घराच्या अंगणापर्यंत आले आहे. पण दार उघडे असले तरी उंबरठ्यावर अट उभी असते. ‘नीट’मध्ये उत्तम गुण मिळाले, तरी बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या विषयांत उत्तीर्ण व्हावेच लागते. आय.आय.टी.साठी प्रवेशपरीक्षेत क्रमांक मिळवूनही बारावीला ७५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींच्या व अपंग विद्यार्थ्यांना ६५. नाहीतर आपापल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये तरी नाव हवे. ब्रिटनमधील विद्यापीठे तर बारावीच्या निकालापूर्वीच प्रवेश देऊ करतात, पण ‘इतके गुण पडल्यास’ या अटीवर. हातात आलेली वस्तू अजून आपली झालेली नाही, ही अवस्था काहीच हाती नसण्यापेक्षा अधिक जाचक असते.

अशा मुलाला आपण काय सांगतो? ‘विश्वास ठेव, चिंता करू नकोस.’ हेतू चांगला असतो. पण त्यामुळे त्या बिचाऱ्याची एक चिंता होती तिच्या दोन होतात. गुण कमी पडतील ही पहिली, आणि आपला विश्वासच कमी पडतो आहे ही दुसरी! चिंता हे पाप आहे काय?

पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र या ठिकाणी उपयोगी पडते. चौथ्या अध्यायात तो चिंतेपासून दूर राहण्यास सांगतो. पण दुसऱ्या अध्यायात तीमथ्याविषयी लिहिताना, हा तुमची मनापासून काळजी वाहील, असे तो कौतुकाने म्हणतो. मूळ ग्रीक भाषेत दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. तेव्हा काळजी ही मुळात वाईट नव्हे. जिवलग गोष्टीविषयीच ती वाटते. ती स्वतःभोवती फिरू लागली की माणसाला पोखरते. कामाकडे व शेजाऱ्याकडे वळली की सेवा होते.

म्हणून विद्यार्थ्याने काळजी घ्यावी. अट नेमकी काय आहे, कोणत्या विषयांची बेरीज धरली जाते, हे लेखी वाचावे. दुसऱ्या ठिकाणचा अर्ज भरून ठेवावा. गुणपडताळणीची मुदत माहीत करून घ्यावी. एवढे झाल्यावर लिहून दिलेली उत्तरपत्रिका मनात पुन्हा पुन्हा लिहू नये. पेरणी झाली की शेतकरी बी उकरून पाहत नाही.

आईवडिलांनी मात्र एक गोष्ट तपासावी. विद्यापीठाच्या अटीमागे आपण घराचीही एक अट लावतो काय? विद्यापीठाची अट जागेपुरती असते. जागा थोड्या, मागणारे पुष्कळ, म्हणून कोठेतरी रेघ ओढावी लागते. ती रेघ माणसांनी ओढलेली असते व माणसे ती बदलतातही. करोनाच्या साथीत २०२० ते २०२२ या वर्षांत आय.आय.टी.ची ७५ टक्क्यांची अट शिथिल करण्यात आली होती. ७४ टक्क्यांचा मुलगा त्या वर्षी पात्र आणि पुढच्या वर्षी अपात्र! मुलगा तोच, रेघ हलली. पण घरातील अट मुलाच्या जिवालाच लागू होते. ‘नापास झालास तर तोंड दाखवू नकोस’ हे शब्द रागात बोलले जातात, पण मूल ते खरे मानते. ज्या कृपेला आपण अट नसलेली म्हणतो, तिची पहिली ओळख मुलाला घरीच व्हायची असते.

पंडिता रमाबाई १८८३ साली वैद्यकी शिकण्याच्या इच्छेने इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्याने तो मार्ग बंद झाला. पुढे १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, आणि हिब्रू व ग्रीक शिकून १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत मराठी बायबलच्या भाषांतराचे काम केले. तरी निकालाच्या दिवशी रडणाऱ्या मुलीला ही कथा घाईने ऐकवू नये. तिचे नुकसान खरे आहे. प्रत्येक बंद दाराच्या जागी मोठे दार उघडते, असे वचन आपल्या हाती नाही. एवढेच खरे की, अटीत न बसलेल्या रमाबाई निरुपयोगी ठरल्या नाहीत. अट त्यांचे मोल सांगू शकली नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती. निकालानंतर पहिल्या आलेल्यांचा सत्कार आपण करतोच. या वर्षी निकालाच्या आदल्या आठवड्यात आपल्या वर्गातील प्रत्येक परीक्षार्थीच्या घरी जाऊन या. गुण कितीही पडले, तरी येत्या रविवारी तुझी जागा तुझ्यासाठी ठेवलेली आहे, एवढे सांगा. आणि ज्याची अट पूर्ण झाली नाही, त्याच्या घरी निकालानंतर पुन्हा एकदा जा.