पंधराशे रुपयांची अमानत

समस्त स्तुती त्या अल्लाहसाठी, ज्याच्यासमोर उघड आणि गुप्त दोन्ही सारखेच प्रकट आहेत. दरूद व सलाम असो प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांनी अमानतदारीला ईमानाची खूण ठरविले.

बंधुभगिनींनो, गेल्या वर्षीची गोष्ट आहे. भूमच्या आमच्या मशिदीत जुमाची नमाज आटोपली आणि काही मंडळी सावलीला थांबली. एका गृहस्थाने मोबाईलवरची बातमी मोठ्याने वाचून दाखविली. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे पैसे १४,२९८ पुरुषांनी घेतले, अशी ती बातमी होती. ऐकणारे हसले. कोणी पुढाऱ्यांना नावे ठेवली, कोणी कर्मचाऱ्यांना. एकाने तर लाभ घेणाऱ्या बायकांनाच सरसकट लबाड ठरविले. त्याच रात्री इशानंतर तेच गृहस्थ एकटे माझ्याकडे आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “मौलाना, आमच्या घरी चारचाकी आहे. तरी घरच्यांच्या नावाने अर्ज भरला होता. दहा-अकरा हप्ते आले, आता बंद झाले. बंद झाले म्हणजे विषय संपला ना?”

आजचे हे निवेदन त्या प्रश्नाचे उत्तर आहे. प्रश्न एका माणसाने विचारला असला तरी तो अनेक घरांत दबलेला आहे, अशी माझी समजूत आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. ही योजना जून २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली. २१ ते ६५ वर्षे वयाच्या, वार्षिक अडीच लाखांहून अधिक उत्पन्न नसलेल्या कुटुंबातील स्त्रीला दरमहा १५०० रुपये थेट बँक खात्यात मिळावेत, अशी तिची रचना. घरात प्राप्तिकर भरणारा नसावा, सरकारी नोकर नसावा, ट्रॅक्टर सोडून चारचाकी वाहन नसावे, या अटी होत्या. त्या आपण पूर्ण करतो असे हमीपत्र अर्जासोबत द्यायचे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. अर्ज झपाट्याने स्वीकारले गेले आणि लाभार्थींची संख्या सव्वादोन कोटींच्या घरात गेली. काटेकोर पडताळणी मात्र निवडणुकीनंतर सुरू झाली. मे २०२५ मध्ये २,२८९ सरकारी महिला कर्मचाऱ्यांनी लाभ घेतल्याचे महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितले. जुलैमध्ये २६ लाख ३४ हजार लाभार्थींचा हप्ता जून महिन्यापासून थांबविल्याचे त्यांनी जाहीर केले. १४,२९८ पुरुषांच्या खात्यांवर २१ कोटी ४४ लाख रुपये गेल्याची बातमीही त्याच सुमारास छापून आली. एवढ्या रकमेला एवढ्या माणसांनी भागले, तर प्रत्येकी सुमारे १५ हजार, म्हणजे दहा महिन्यांचे हप्ते होतात. २६ लाख ३४ हजार खात्यांचा एका महिन्याचा हिशेब ३९५ कोटींवर जातो.

ही रक्कम कोणाची? ती ज्याच्या खिशातून आली त्याला आपला पैसा कुठे गेला हे कधीच कळणार नाही. साबणाच्या वडीवर, दुचाकीच्या पेट्रोलवर, लेकराच्या बिस्किटावर गरिबाने भरलेला कर त्यात आहे. सार्वजनिक धनाची चोरी म्हणूनच अधिक भयंकर आहे. एका माणसाचे देणे असेल तर त्याच्या दारात जाऊन क्षमा मागता येते. कोट्यवधींची क्षमा मागायला कोणाच्या दारात जाणार?

खैबरच्या मोहिमेतला प्रसंग बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आला आहे. प्रेषितांच्या (स.) सेवेतील एक माणूस बाण लागून मेला. लोक म्हणाले, त्याला शहादत लाभली. प्रेषितांनी (स.) ते नाकारले. वाटणीपूर्वी त्याने सामाईक धनातून एक चादर उचलली होती आणि तीच त्याच्यावर आग होऊन पेटली आहे, असे त्यांनी सांगितले. हे ऐकून एक माणूस चपलेचा एखादा-दुसरा बंद घेऊन धावत आला. तोही आगीचाच होता, असे उत्तर त्याला मिळाले. चपलेच्या बंदाचा हिशेब होणार असेल, तर पंधराशे रुपये किरकोळ कसे?

आता हमीपत्राविषयी. निरोपाच्या हजच्या वेळी प्रेषित (स.) सदक्याचा माल वाटत होते. दोन माणसे पुढे आली व त्यांनी हिस्सा मागितला. प्रेषितांनी (स.) त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले. दोघे धडधाकट दिसत होते. तुमची इच्छा असेल तर देतो, मात्र या मालात धनवानाचा हिस्सा नाही आणि कमावू शकणाऱ्या सशक्त माणसाचाही नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. अबू दाऊद आणि नसाई यांनी ही हदीस नोंदविली आहे. नियम स्पष्ट सांगितला आणि निर्णय मागणाऱ्याच्या अंतःकरणावर सोपविला, हे यात लक्षात घेण्याजोगे आहे. हमीपत्र म्हणजे हेच. तपासणारा समोर नसताना आपण आपल्याविषयी दिलेली ती साक्ष आहे. ‘सगळेच भरत होते’, ‘फॉर्म भरणाऱ्याने सही करा म्हटले’, ही उत्तरे तहसीलात कदाचित चालतील, अल्लाहच्या दरबारात चालणार नाहीत.

तथापि सारा दोष अर्ज करणाऱ्या बाईच्या पदरी बांधणे हाही अन्यायच आहे. ज्याच्या हाती अधिकार जास्त, त्याचा हिशेब कठीण. प्रत्येक माणूस राखणदार आहे आणि आपल्या कळपाविषयी त्याला विचारले जाईल, ही हदीस आपण लेकरांना पाठ करवतो. अर्ज कोणी मंजूर केले? आज जी पडताळणी होऊ शकते ती पहिल्या हप्त्याआधी का झाली नाही? मताच्या आशेने चाळणीची छिद्रे मोठी केली असतील, तर तीही खियानतच. हे प्रश्न विचारणे म्हणजे फितना नव्हे. प्रेषितांनी (स.) इब्नुल लुतबिय्या यांना जकात गोळा करण्यास पाठविले होते. परत आल्यावर ते म्हणाले, हा माल तुमचा आणि हा मला भेट मिळालेला. प्रेषितांनी (स.) हिशेब खासगीत मिटविला नाही. ते मिंबरवर चढले आणि लोकांसमोर त्यांनी विचारले की, हा माणूस आपल्या आईबापांच्या घरी बसून राहिला असता, तर ही भेट त्याच्याकडे चालून आली असती काय? मात्र त्या भाषणात त्यांनी ‘आम्ही नेमलेला कर्मचारी’ एवढाच उल्लेख केला, नाव घेतले नाही. हिशेब जाहीर झाला आणि माणसाची विटंबना टळली. वृत्तपत्रांनी आणि आपणही हे संतुलन शिकण्याजोगे आहे.

बातमी ही देखील अमानत आहे. पत्रकारांनी आकडे छापले नसते, तर ते फायलींतच पडून राहिले असते, म्हणून त्यांचे आपल्यावर ऋण आहे. परंतु सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत ईमानवंतांना ताकीद आहे की, बेभरवशाच्या माणसाने खबर आणली तर शहानिशा करा, नाहीतर अजाणता एखाद्या समूहाला इजा कराल आणि मग पस्तावाल. २६ लाख ३४ हजार हा आकडा ‘२६ लाख लबाड बहिणी’ असा गावभर फिरला. वास्तविक ते हप्ते तात्पुरते थांबविले होते आणि फेरतपासणीत पात्र ठरणाऱ्यांना लाभ पुन्हा सुरू करू, असे मंत्र्यांनी त्याच निवेदनात म्हटले होते. पुरुषांच्या खात्यांविषयीही, काही स्त्रियांना स्वतःचे खातेच नसल्याने घरातील पुरुषाचे खाते दिले गेले असावे, ही शक्यता सरकारकडून बोलून दाखविली गेली. खरे लबाड त्यांत होतेच, पण मथळ्याने सगळ्यांना एका दोरीत बांधले.

याहून वाईट सवय अशी की, बातमी येताच माणसे यादीतली आडनावे शोधू लागतात. दुसऱ्यांची नावे दिसली तर पुढे पाठवायची, आपली दिसली तर दडवायची. याविषयी कुरआनचा निवाडा सूरह निसामध्ये आहे. तफसीरच्या ग्रंथांत तिच्या १०५ व्या आयतीपासूनच्या आयतींचे निमित्त असे सांगितले आहे की, मदिनेत मुसलमान म्हणविणाऱ्या एकाने चिलखत चोरले आणि आळ एका यहुदी माणसावर ढकलला. चोराचे भाऊबंद त्याची वकिली करायला प्रेषितांकडे (स.) आले. तेव्हा अल्लाहने आयती उतरवून त्या यहुदी माणसाला निर्दोष ठरविले आणि खियानत करणाऱ्यांची वकिली करण्यास मनाई केली. त्याच सूरहच्या १३५ व्या आयतीत स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध, नातलगांविरुद्ध गेली तरी खरी साक्ष द्या, अशी आज्ञा आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासात आपल्या समाजासमोर ही परीक्षा एकदा येऊन गेली आहे. रायगड जिल्ह्यातील आंबेतचे बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. विधवा, अपंग, निराधार यांना आजही आधार देणारी संजय गांधी निराधार योजना त्यांच्याच कारकिर्दीतली. १९८१ च्या ऑगस्टअखेर ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांनी सिमेंट वाटप आणि न्यासांना मिळालेल्या देणग्या यांविषयी लेख प्रसिद्ध केला. जानेवारी १९८२ मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालानंतर अंतुले यांना पद सोडावे लागले. पुढे खटला चालला. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी, त्यांचा खटला विशेष न्यायाधीशांकडून उच्च न्यायालयाकडे वर्ग करण्याचा पूर्वीचा आदेश त्यांच्या हक्कांचा भंग करणारा होता, असे म्हणून तो रद्द केला. यातून दोन बोध मिळतात. निराधारांचा वाली म्हणून किंवा आपला माणूस म्हणून कोणाची जबाबदारी टळत नाही. आणि आरोप झाला म्हणून कोणाचा न्याय्य सुनावणीचा हक्कही संपत नाही. जो मुसलमान यांतला एकच बोध घेतो, त्याचा तराजू वाकडा आहे.

आता ज्यांच्याविषयी बातम्या कमी आल्या, त्यांच्याकडे वळू. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्व लाभार्थींना ई-केवायसी बंधनकारक झाली. त्यात पती किंवा वडिलांच्या आधारचेही प्रमाणीकरण मागितले गेले. जिला पती नाही आणि वडीलही नाहीत, तिने काय करावे? नेमक्या त्याच महिन्यात आपल्या भूम-परंडा भागात पुराने घरे, जनावरे, पिके नेली. चुलीपाशी गाळ साचलेल्या बाईने कागद कुठून आणावेत? पुढे मुदत वाढली, अशा स्त्रियांसाठी सवलतही झाली. तरी लबाडांनी चोरी केली आणि तपासणीचा जाच गरजवंताला भोगावा लागला, हे खरेच. अपात्र माणसाच्या खोट्या सहीचे हे दुसरे पाप आहे, आणि ते त्याला दिसतही नाही. सूरह निसाच्या १४८ व्या आयतीत वाईट गोष्टीचा उघड उच्चार अल्लाहला नापसंत असल्याचे सांगून जुलूम झालेल्याला मात्र सूट दिली आहे. म्हणून जिचा हक्क चुकीने तुटला, तिने बोलावे, आणि आपण तिचा आवाज व्हावे.

त्या गृहस्थांना मी जे सांगितले तेच येथे लिहितो. हप्ते बंद झाल्याने गुन्हा थांबला, देणे फिटले नाही. बंद्यांच्या हक्कांत तौबा तेव्हाच पुरी होते, जेव्हा घेतलेले परत जाते. जानेवारी २०२५ मध्ये काही महिलांनी स्वतःहून लाभ सोडल्याच्या बातम्या आल्या होत्या, म्हणजे मार्ग आहे. तालुक्याच्या महिला व बालविकास कार्यालयात किंवा तहसीलात लेखी अर्ज द्यावा, घेतलेल्या रकमेचा आकडा लिहावा आणि ती सरकारजमा करून पावती घ्यावी. एकरकमी शक्य नसेल तर हप्त्यांनी भरण्याची परवानगी मागावी. सरकारजमा करण्याचा मार्ग खरोखरच मिळाला नाही, तरच ती रक्कम सवाबाची अपेक्षा न ठेवता गरजवंतांना द्यावी, असे फिकहचे जाणकार सांगतात. ती दान समजू नये, ते देणे आहे.

आपल्या खव्याच्या भट्टीवर रोज दूध येते. एकाने घागरीत पाणी घातले, तर सगळ्या कढईचा खवा कमी उतरतो आणि दोष गवळ्यांच्या साऱ्या वस्तीला लागतो. समाजाचेही तसेच आहे. म्हणून प्रत्येक घराने आज रात्री आपला कागद एकदा वाचावा. शिकलेल्या मुला-मुलींनी मोहल्ल्यातील विधवा, वृद्ध स्त्रियांचे अर्ज विनामूल्य भरून द्यावेत. मूळ बातमी वाचल्याशिवाय कोणताही संदेश पुढे पाठवू नये. आणि लोकप्रतिनिधी दारात आले, तर त्यांना अदबीने पण निर्भयपणे हिशेब विचारावा.

ते गृहस्थ त्या रात्री काही न बोलता गेले होते. काही आठवड्यांनी आले आणि खिशातून घडी केलेली पावती काढून म्हणाले, “मौलाना, पहिला हप्ता भरला. घरच्यांनीच आग्रह धरला.” मी पावती पाहून परत त्यांच्या हाती दिली आणि ती जपून ठेवायला सांगितले.

हे अल्लाह, आमच्या पोटात हलालच जाऊ दे. आमच्या जिभेवर खरेच येऊ दे. आमच्यावर जे नेमलेले आहेत त्यांना तुझ्या हिशेबाचे भय दे. ज्या निराधार स्त्रीचा हक्क अडला आहे तो तिला मिळवून दे आणि त्या कामी आम्हाला लाव. आमीन.